लष्करी ट्रेलर, ओलं लाकूड आणि भूगावची चूल : एक प्रकरण

पुण्याजवळ, भूगावच्या पुढे पौड रस्त्याला लागून एक खाणावळ आहे. ‘चुलीवरचं जेवण’ अशा पाट्या चांदणी चौकापासून मुळशीपर्यंत जागोजाग दिसतात. पाटीमागे खरोखर चूल पेटते अशी ठिकाणं मात्र शोधावी लागतात. इथे पेटते. भाकरीच्या तीन चुली, मटणाच्या दोन, शिवाय गरम पाण्याचा एक बंब. शनिवार-रविवारची गर्दी धरून महिन्याला अडीच ते तीन टन जळण लागतं.

हे जळण वखारीतून यायचं. वखारीचं लाकूड उन्हाळ्यात महाग आणि पावसाळ्यात ओलं, आणि दोन्ही वेळा वजनावर विकलेलं, म्हणजे पावसाळ्यात मालक पाण्याचेही पैसे मोजत होते. त्यांच्या मामांची पौडच्या पुढे, मुळशी धरणाच्या अलीकडे डोंगरउतारावर जमीन आहे. बांधावर सुबाभूळ माजलेली, वरच्या पडीक तुकड्यात ऑस्ट्रेलियन बाभूळ. लाकूड घरचं. ते उतारावरून खाली आणि तिथून पंचवीसेक किलोमीटर भूगावला कसं आणायचं, एवढाच प्रश्न होता. घरात एक जुनी फोर बाय फोर महिंद्रा जीप होती. मालकांनी तिला जोडायला लष्करातून बाद झालेला एक लहान ट्रेलर घेतला. खडकी-देहूरोडच्या पट्ट्यातल्या एका जुन्या मालाच्या व्यापाऱ्याकडून, पस्तीस हजारांना.

माझ्याकडे प्रकरण आलं ते पहिली रस्त्यावरची खेप झाल्यावर. पिरंगुटचा घाट चढताना जीपचं तोंड हलकं होऊन स्टिअरिंग ‘तरंगायला’ लागलं, उतारावर भुकूमच्या बाजूला ट्रेलर मागून डावी-उजवीकडे डोलायला लागला, आणि मुक्कामी पोहोचल्यावर डाव्या चाकाचा मधला भाग, म्हणजे हब, हात लाववेना इतका तापलेला. मालकांचा प्रश्न सरळ होता : “काका, याचे पाटे वाढवू का?”

पाटे, म्हणजे चाकांवरचा भार पेलणाऱ्या स्प्रिंगच्या पट्ट्या, वाढवायचे नव्हते. का, ते पुढे येईल.

वस्तू कोणती होती

हा चौथाई टनाचा जीप ट्रेलर, दोन चाकी. या जातीचा मूळपुरुष दुसऱ्या महायुद्धातला. अमेरिकन बँटम या छोट्या कंपनीने १९४० साली जीपचा पहिला नमुना बनवून दिला. गाड्यांची मोठी कंत्राटं मग विलीज आणि फोर्डकडे गेली आणि बँटमच्या वाट्याला आले ट्रेलर. जीपच्या मागे, जीपच्याच चाकोरीतून जाईल, जीपचंच चाक त्याला बसेल आणि नदी आली तर तरंगेल, अशी त्याची रचना. म्हणून त्याचा हौदा पाणी न शिरणारा असतो आणि तळाला पाणी सोडायची बुचं असतात. पुढच्या काळात निरनिराळ्या सैन्यांनी याच कल्पनेच्या आवृत्त्या वापरल्या.

मालकांच्या ट्रेलरवर माहितीची पट्टी उरलेली नव्हती. हिरव्या रंगाखाली वर टोक असलेल्या बाणाची आणि दोन-तीन आकड्यांची पुसट खूण दिसत होती. लष्करी नंबर असाच, बाणाने सुरू होतो. चाकं ६.००-१६ मापाची, साडेपाच इंचांच्या वर्तुळावर पाच नट, म्हणजे जीपची स्टेपनी थेट बसते. हौदा आतून सहा फूट लांब, तीन फूट दोन इंच रुंद, दीड फूट खोल. पिरंगुटच्या काट्यावर रिकामा ट्रेलर अडीचशे किलोच्या आसपास भरला. ब्रेक म्हणजे फक्त उभं करताना ओढायचा हातब्रेक. चालताना लागणारा ब्रेक या ट्रेलरला नाही, कधी नव्हताच. त्याचं सगळं थांबवणं जीपने करायचं.

मामांचं मत ठाम होतं. “आरं, मिलिटरीचा माल हाय. हत्ती घातला तरी वाकायचा नाय.” मामा चुकीचं बोलत नव्हते, हत्ती घातल्यावर ट्रेलर बहुधा वाकलाही नसता. पण लाकूडवाहतुकीत सांगाडा वाकणं ही शेवटची गोष्ट असते. त्याआधी टायर, बेअरिंग, हूक आणि जीपचे ब्रेक जातात.

लाकडातलं पाणी

चौथाई टन म्हणजे इथे ५०० पौंड, २२७ किलो. हा आकडा खाचखळग्यांतल्या, रस्ता नसलेल्या वाटेसाठीचा आहे. मालकांना तो हास्यास्पद वाटला, कारण एवढा मोठा हौदा डोळ्यांसमोर असताना सव्वादोनशे किलो म्हणजे तळाला चार ओंडके, असं कुणालाही वाटेल.

म्हणून आम्ही हिशेब मांडला. हौद्याचं माप साडेअठ्ठावीस घनफूट, म्हणजे ०.८ घनमीटर. लाकूड कितीही नीट रचलं तरी मधे हवा राहते. दीड-दीड फुटाचे वेडेवाकडे तुकडे रचले तर साधारण साठ टक्के जागा लाकडाची. म्हणजे हौदा काठोकाठ भरला तर जेमतेम अर्धा घनमीटर भरीव लाकूड. ताज्या तोडलेल्या बाभळीचा घनमीटर टनाच्या आसपास भरतो. म्हणजे काठोकाठ ओलं लाकूड पाचशे किलो, क्षमतेच्या दुपटीहून जास्त. शिगोशीग भरलं तर विचारायलाच नको. पहिल्या खेपेचा काटा बघितला तेव्हा ट्रेलरसकट ८६० किलो भरले होते, म्हणजे सहाशे किलोंच्या वर नुसतं लाकूड. आणि ते लाकूड तोडून चार दिवस झाले होते.

हौदा दिसतो मोठा कारण तो बिछाने, तंबू अशा मालासाठी केला आहे. ओल्या लाकडाइतकं वजन एवढ्या जागेत बसणारा माल त्या नकाशात नसावा. हौद्याच्या कडांना फळ्या लावून उंची वाढवायचा मालकांचा बेत होता, फॅब्रिकेटरला मापंही दिली होती. तो बेत पहिल्याच दिवशी रद्द झाला.

आता उरलेला अर्धा हिशेब. कोरड्या लाकडाच्या एका किलोत साधारण साडेचार हजार किलोकॅलरी असतात. ओल्या लाकडात वजनाने निम्मं पाणी धरलं तर त्या किलोत जळायला अर्धाच किलो लाकूड, आणि त्यातून निघालेल्या उष्णतेतले तीनेकशे किलोकॅलरी ते पाणी वाफ करून उडवण्यात जातात. हातात पडतात एकोणीसशे-दोन हजार. तेच लाकूड पंधरा टक्के पाण्यापर्यंत वाळवलं तर किलोमागे छत्तीस-सदतीसशे. जवळजवळ दुप्पट. म्हणजे घाट चढून आणलेल्या प्रत्येक ओल्या खेपेत अर्धी खेप चुलीत पाणी उकळण्यासाठी आणली जात होती. भाकरी करणाऱ्या आक्कांनी हे आकड्यांशिवाय सांगितलं : “ओलं आणलं की फुंकून फुंकून डोळं जातात, नि तव्याला आच लागत नाय.” खाणावळीच्या पुढच्या दोन टेबलांवर गिऱ्हाईक का बसत नाही, याचं उत्तरही तिथेच मिळालं. धूर तिकडे जात होता.

हूक आणि कडी

लष्करी ट्रेलरच्या धुऱ्याच्या, म्हणजे पुढच्या ओढायच्या दांड्याच्या, टोकाला जाड, घडीव पोलादाची गोल कडी असते. ती वाहनाच्या मागच्या पिंटल हुकात, म्हणजे वरचा जबडा उघडून बंद होतो अशा हुकात बसते. कडी त्यात वर-खाली, डावी-उजवीकडे आणि थोडी पिळूनही फिरू शकते. जीपचं एक चाक खड्ड्यात आणि ट्रेलरचं दगडावर, अशा वेळी तो पीळ कडी आणि हूक मिळून गिळतात.

मालकांच्या जीपला मागे ट्रॅक्टरसारखी दोन पट्ट्यांत उभी पिन होती. कडी त्या पिनेत अडकवली होती. रस्त्यावर चालून गेलं, पण बांध ओलांडताना कडी दोन पट्ट्यांत अडकून पीळ थेट धुऱ्यावर येत होता. धुऱ्याच्या मुळाशी रंग तडकलेला दिसला. शिवाय कडीत पिन सैल, त्यामुळे गिअर बदलला की धाडकन धक्का.

फॅब्रिकेटरने सोपा उपाय सुचवला होता : कडी कापून टाकायची, तिथे पट्टी वेल्ड करायची. याला मी सरळ नाही म्हटलं. घडीव पोलाद कोणत्या जातीचं आहे ते ठाऊक नसताना, आधी तापवून न घेता त्यावर वेल्डिंग केलं तर वेल्डच्या कडेचा भाग ठिसूळ होतो आणि तडा बाहेरून दिसत नाही. धुरा तुटण्याची शक्यता सर्वांत जास्त तिथेच, आणि तो तुटेल तो भरल्या ट्रेलरसह उतारावर. त्यापेक्षा कडीला हात न लावता जीपला पिंटल हूक बसवणं स्वस्त आणि उलटवता येण्याजोगं. जुना पण जबडा न झिजलेला हूक पुण्याच्या जुन्या बाजारात मिळाला. हा बाजार बुधवारी आणि रविवारी कुंभार वेशीपाशी भरतो. सकाळी लवकर गेलं तरच अशा वस्तू हाती लागतात. चेसीच्या मागच्या आडव्या बीमला आतून जाड पट्टी देऊन तो बोल्टने बसवला. धुऱ्याखालून एकमेकींना ओलांडणाऱ्या दोन साखळ्या लावल्या : कडी सुटलीच तर धुरा जमिनीत न रुतता साखळ्यांच्या झोळीत पडावा म्हणून.

हब गरम होण्याचं कारण ओव्हरलोड हे अर्धंच. उघडल्यावर आत ग्रीसच्या जागी चिखलाचा लगदा निघाला. बेअरिंगं आणि सील नाना पेठेत मिळाली, जुनी काढून नवी घातली. टायरबाबत एक इशारा देतो, कारण या फंदात बरेच जण पडतात. ६.००-१६ हेच माप ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांचंही असतं. दुकानदाराने तीन उभ्या धारांचे ते टायर स्वस्तात पुढे केले. रिमवर ते बसतात. पण शेतीच्या टायरवर ‘ए ६’ किंवा ‘ए ८’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे ताशी ३० किंवा ४० किलोमीटरपर्यंतच. जीपच्या मागे साठने पळवायला ते नव्हेत. जुन्या टायरवर तर तारखेचे चार आकडेही सापडले नाहीत. आठवडा आणि वर्ष सांगणारा हा चार आकड्यांचा शिक्का २००० सालापासूनचा. तो नसेल तर नक्षी कितीही खोल दिसो, रबर टाकाऊ समजावं.

भार कुठे ठेवला

डोलण्याचं कारण वजनापेक्षा त्याची जागा. मामांच्या माणसांनी मागचं फळकं पाडून मागून भरलं होतं; जाड ओंडके मागेच राहिले, काही तर दोन फूट बाहेर लोंबत होते. दोन चाकी ट्रेलर तराजूसारखा असतो. आसाच्या मागे भार वाढला की धुरा वर उचलतो, जीपचं मागचं टोक उचललं जातं, आणि मग ट्रेलर जीपला हलवायला लागतो. एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार धुऱ्याच्या टोकावर खाली दाबणारा हवा. हा मोजायला फार काही लागत नाही : धान्याचा काटा घ्यायचा, त्यावर लाकडाचा ठोकळा, त्यावर कडी, धुरा आडवा राहील एवढ्या उंचीवर. पहिल्या खेपेसारखं भरून बघितलं तर काट्यावर जवळजवळ काहीच येईना. दीड फुटाचे तुकडे आडवे, दोन रांगांत, जाड आसाच्या किंचित पुढे आणि बारीक फाटे मागे, असं रचल्यावर पन्नास-साठ किलो आले. डोलणं तिथेच संपलं.

याच्या उलट टोकालाही जाऊ नये. सगळं पुढे रचलं तर जीपच्या मागच्या पाट्यांवर भार येऊन पुढची चाकं हलकी होतात. घाटात स्टिअरिंग तरंगलं त्याला भाराची जागा कमी आणि एकूण वजन जास्त कारणीभूत होतं, कारण चढावर ओढ मागे आणि खाली असते. पाटे वाढवून हे बरं झालं नसतं. ट्रेलर ताठ उभा राहिला असता आणि मालकांनी आणखी शंभर किलो भरले असते.

कागद

आता सर्वांत न आवडणारा भाग. “पासिंग होईल ना?” हा प्रश्न मालकांनी ट्रेलर घेतल्यावर विचारला. तो घेण्याआधी विचारायचा असतो.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ६१ प्रमाणे ट्रेलरलाही नोंदणी लागते, इतर कोणत्याही वाहनासारखीच. संरक्षण खात्याची वाहनं कलम ६० खाली वेगळी नोंदली जातात, आणि ती त्या कामातून बाहेर पडली की कलम ३९ किंवा ४० खाली नव्याने नोंदवावी लागतात. त्यासाठी कागदांची साखळी पूर्ण हवी : लष्कराने बाद केलेल्या वस्तू बहुतेक वेळा एमएसटीसी या केंद्र सरकारी कंपनीच्या ई-लिलावातून, ‘जसं आहे, जिथे आहे’ या अटीवर, लॉटने विकल्या जातात. लॉट घेणाऱ्याला मिळालेल्या कागदावर ती वस्तू वाहन म्हणून आहे की भंगार म्हणून, चेसी नंबर लिहिलाय की नाही, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. मालकांकडे होतं ते व्यापाऱ्याचं साधं बिल : ‘जुना ट्रेलर १ नग’. मूळ कागदाची प्रत मागितल्यावर बऱ्याच फेऱ्यांनी एक झेरॉक्स आली. तिच्यावर अनेक नग आणि तीन चेसी नंबर होते. ट्रेलरच्या चेसीवरचा नंबर गंजाने इतका खाल्लेला की त्या तिघांपैकी कोणता, हे छातीठोकपणे सांगता येईना.

रंगाचंही एक लचांड. खाणावळीच्या दारात हिरवा लष्करी ट्रेलर उभा करून लोकांनी फोटो काढावेत, अशी मालकांची हौस होती. केंद्रीय मोटार वाहन नियमांत, नियम १२१ मध्ये, संरक्षण खात्याखेरीज कुणाच्याही वाहनाला ऑलिव्ह ग्रीन रंग देता येत नाही असं स्पष्ट म्हटलंय. रंग बदलायलाच हवा होता. आता तो विटकरी आहे आणि फोटो कुणी काढत नाही.

विनानोंदणी वाहन रस्त्यावर आणलं तर पहिल्या गुन्ह्याला पाच हजारांपर्यंत दंड, ओव्हरलोडला २०१९ च्या दुरुस्तीनंतर वीस हजार आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार, बाहेर लोंबणाऱ्या मालाला पुन्हा वीस हजार. मालकांनी या आकड्यांची बेरीज करून ‘एवढंच ना’ असा चेहरा केला. खरा धोका दंडाचा नाही. नोंदणी नाही म्हणजे विमा नाही. पिरंगुट घाटात एखाद्या दुचाकीवाल्याला या ट्रेलरचा धक्का लागला तर भरपाई मालकांच्या खिशातून, आणि खिसा म्हणजे खाणावळ. ही गोष्ट त्यांच्या पत्नीने ऐकली आणि निर्णय तिथेच अर्धा झाला. “गाडी गेली तरी चालेल, हॉटेल जाता कामा नये,” असं त्या म्हणाल्या.

लाकडाचा कागद त्यामानाने सोपा निघाला. महाराष्ट्रात खाजगी जमिनीवरच्या ठरावीक जातींच्या तोडीवर १९६४ च्या वृक्षतोड विनियमन कायद्याने बंधन आहे. त्या यादीत साग, आंबा, फणस, चिंच, हिरडा, जांभूळ, ऐन, किंजळ, खैर, अंजन अशी झाडं येतात. सुबाभूळ त्यात नाही. तरी मामांच्या उतारावर ऐन आणि जांभळाची झाडं होतीच आणि “एक वाळलेला ऐन हाय, तोबी घेऊ” असा सूर निघाला होता. तो ऐन जागेवर राहिला. काय तोडणार आणि कुठे नेणार ते सातबारा घेऊन वनपालांना आधी विचारलं आणि मगच कुऱ्हाड लावली. सुबाभूळ या भागात इतकी का, याचं उत्तर पुणे जिल्ह्यातच आहे : मणिभाई देसाईंनी १९६७ साली उरुळी कांचनला सुरू केलेल्या बाएफ संस्थेनं चारा आणि जळण म्हणून तिचा मोठा प्रसार केला. चाऱ्यासाठी कुणी कापलं नाही की ती अशी माजते.

काम दोन तुकड्यांत

पर्याय तीन होते. कागद पूर्ण होईपर्यंत ट्रेलर उभा करून ठेवायचा. तो विकून नोंदणीसह नवा ट्रेलर घ्यायचा. किंवा प्रत्येक वेळी पिकअप थेट उतारावर न्यायचा, जो तिथे चढतच नाही.

आम्ही जे केलं ते या तिन्हींत नाही. शेतातून भूगावपर्यंतचा प्रवास एकच आहे असं सगळे धरून चालले होते. तो मधे तोडला. मामांच्या गटाच्या खालच्या टोकाला, डांबरी रस्त्याला लागून, जुनं खळं आहे. वरच्या बांधापासून खळ्यापर्यंतची वाट पूर्ण त्यांच्याच गटातून जाते. हे महत्त्वाचं, कारण पाणंद असती तर ती कायद्याने सार्वजनिक जागाच ठरली असती. लोकांना जाण्याचा हक्क असलेली कुठलीही वाट तशी ठरते. ट्रेलर फक्त वरून खळ्यापर्यंत चालतो : खडकाळ, उताराची, रस्ता नसलेली वाट, ताशी आठ-दहा किलोमीटर, सव्वादोनशे किलो. ज्या कामासाठी तो बनला होता नेमकं तेच काम. लाकूड खळ्यावर वाळतं. वाळलेलं लाकूड तिथून भाड्याच्या छोट्या हत्तीतून भूगावला जातं. त्या टेम्पोची क्षमता साडेसातशे किलो, नंबर आहे, विमा आहे, ब्रेक चारही चाकांना आहेत.

मालकांना हे आवडलं नाही. “म्हणजे भाडं द्यायचंच, मग ट्रेलर कशाला घेतला?” म्हणून भाडं कशाचं द्यायचं ते मांडून दाखवलं. ओलं लाकूड रस्त्याने नेलं तर महिन्याला तीन टन. खळ्यावर वाळवून नेलं तर तेवढ्याच स्वयंपाकाला दोन टनांहून कमी, म्हणजे टेम्पोच्या दोन ते तीन खेपा. आधी वखारीचा टेम्पो याहून जास्त वेळा येत होता आणि त्यात लाकडाची किंमत वेगळी.

उतारावरची शिस्त थोडी आहे पण ती पाळावी लागते. वरूनच लो गिअरमध्ये, पहिल्यावर, पाय ब्रेकवर न ठेवता उतरायचं. मधे उतारावर गिअर बदलायला जाऊ नये, त्या क्षणी मागून ढकलणारा ट्रेलर जीपला आडवी करू शकतो. वळण आलं तर आधी वेग मारायचा, वळणात नाही. भरताना चाकाखाली दगड, हातब्रेकवर भरवसा नाही. आणि हौद्याच्या आत पांढऱ्या रंगाच्या दोन रेघा ओढल्या आहेत : तळापासून आठ इंचांवर ओल्या लाकडाची, साडेतेरा इंचांवर वाळलेल्या सुबाभळीची. भरणाऱ्याने किलो मोजायचे नाहीत, रेघ बघायची. मामांनी पहिले काही दिवस रेघेवर दोन ओंडके जास्त टाकून बघितले. खालच्या चढावर जीपने एकदा चाक फिरवलं, तेव्हापासून टाकत नाहीत.

खळ्यावर

तोड नोव्हेंबर-डिसेंबरात, भातकापणी उरकल्यावर. दीड फुटाचे तुकडे करून मनगटापेक्षा जाड असलेले सगळे पाचर घालून फोडायचे. साल पाणी धरते, फोडलेली बाजू सोडते. खाली दगडांवर दोन वासे, त्यावर थर, वर जुना पत्रा, बाजू उघड्या. ताडपत्रीने चारी बाजूंनी गुंडाळण्याचा मोह होतो. तसं केलं तर आत बुरशी येते.

वाळलं की नाही ते ठरवायला आर्द्रतामापक विकत घ्यायची गरज पडली नाही. थरांत वेगवेगळ्या जागी काही तुकडे निवडून त्यांच्या टोकावर खडूने वजन लिहिलं. दर पंधरवड्याला तेच तुकडे काट्यावर. सुबाभळीचा ६.२ किलोचा एक तुकडा मार्चअखेर ४.१ किलोवर आला आणि मग हलेना. हलेना झाला की टेम्पो बोलवायचा. ऑस्ट्रेलियन बाभूळ जास्त वेळ घेते, पण तिचे निखारे टिकतात. आक्कांनी तिला मटणाच्या चुली दिल्या आणि सुबाभूळ भाकरीला, जिथे झटकन चढणारी आच हवी.

पावसाळ्याचा साठा मृगाच्या आत भूगावला हलवावा लागतो. जूननंतर खळ्यावर काही कोरडं राहत नाही. आणि ट्रेलरला या दिवसांत एक वेगळाच धोका आहे, जो कुणाच्या डोक्यात नव्हता. पाणी आत न शिरणारा हौदा पाणी बाहेरही सोडत नाही. बाजू सरळ उभ्या, म्हणजे जेवढे मिलिमीटर पाऊस तेवढेच मिलिमीटर पाणी. हौदा ४५७ मिलिमीटर खोल. इथून जवळच्या ताम्हिणीत एका दिवसात चारशेच्या वर पाऊस पडल्याचे दिवस नोंदलेले आहेत. भरला तर आठशे लिटर, आठशे किलो, क्षमतेच्या साडेतीनपट, आणि तेही लाकडाचा एक तुकडा न टाकता. त्यामुळे बुचं काढून ठेवली आहेत, भोकांवर जाळी घातली आहे कारण सालीच्या भुग्याने ती तुंबतात, आणि जून ते सप्टेंबर ट्रेलर ठोकळ्यांवर, धुरा खाली झुकवून उभा असतो.

नोंदणीचं घोंगडं भिजत आहे. गंज साफ केल्यावर चेसीवरच्या नंबरातले आणखी दोन आकडे वाचता आले आणि तीनपैकी एक नंबर बाद झाला. उरलेल्या दोघांत निकाल लागत नाही. मालकांची घाई आता संपली आहे, कारण रस्त्यावर नेण्याचं कारणच उरलं नाही. मामांना मात्र उन्हाळ्यात शेणखत वर चढवायला ट्रेलर हवा आहे. शेणखताचा घनमीटर सातशे-आठशे किलोचा धरला तर रेघ सात इंचांच्या आसपास येते, ओल्या लाकडाच्या रेघेच्याही खाली. शिवाय शेणखत पत्रा खातं. तळाला जाड रबराची चटई आणि दर खेपेनंतर धुणं, या दोन अटींवर मामांचं आणि भाच्याचं अजून बोलणं चालू आहे.